केबिनमध्ये पास, गेटवर नापास

रबाळे एमआयडीसीतल्या एका कारखान्याची वेबसाइट. उघडली की स्क्रीनभर एक गोरा इंजिनिअर, डोक्यावर पांढरं हेल्मेट, मागे कुठली तरी परदेशी रिफायनरी. नजर स्थिरावते न स्थिरावते तोच फोटो सरकतो आणि हस्तांदोलन करणारे दोन हात येतात. मग पृथ्वीचा गोळा. मग ‘गुणवत्तेचा ध्यास’. ही कंपनी बनवते काय, हे कळायला मेनूत दोन पायऱ्या खाली उतरावं लागतं. ती व्हॉल्व्हमध्ये बसणाऱ्या सीट रिंगा बनवते, आणि चांगल्या बनवते. पण त्या रिंगेचा एक फोटो पहिल्या पानावर नाही. शॉप फ्लोअरवर शेकड्याने पडलेल्या असतात. मोबाइलवर काढलेला फोटोही चालला असता.

हे पान मालकांच्या केबिनमधल्या मोठ्या स्क्रीनवर पास झालं. ज्याला रिंग हवी आहे तो परचेसवाला त्या मीटिंगला नव्हता.

*

नवी मुंबईत पत्ता सांगणं हे एक कसब आहे. सिडकोने १९७० नंतर शहर नोडांनी वसवलं आणि प्रत्येक नोडाला आपापले सेक्टर दिले. त्यामुळे सेक्टर १० वाशीत आहे, नेरूळला आहे, ऐरोलीला आहे आणि खारघरलाही आहे. ‘सेक्टर १०, नवी मुंबई’ एवढंच लिहिणाऱ्या कंपनीने पाहुण्याला चार गावं फिरायला लावलेलं असतं.

ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या टीटीसीत, म्हणजे ट्रान्स ठाणे क्रीक औद्योगिक क्षेत्रात, सेक्टर नाहीत. तिथे प्लॉट नंबरच्या आधी अक्षर लागतं. ए, सी, डी, आर, महापेच्या इलेक्ट्रॉनिक झोनमध्ये ईएल. हे एक अक्षर गाळलं की उरलेला पत्ता निकामी. आणि डिझायनरला तेच अक्षर खटकतं, कारण पानाच्या तळाशी पत्ता एका ओळीत बसत नाही.

*

त्याच ‘संपर्क’ पानावरची दुसरी खोड. रजिस्टर्ड ऑफिस फोर्टात, कारखाना महापेला, आणि नकाशावरची पिन फोर्टात. शेअरहोल्डरने पत्र पाठवायचं तर फोर्ट बरोबर आहे. माल घेऊन निघालेल्या ट्रकवाल्याने काय करायचं? पत्ते दोन असतील तर दोन्ही द्यावेत आणि कुठला कशासाठी ते पुढे लिहावं: पत्रव्यवहार इथे, माल इथे, इंटरव्ह्यू इथे. तीन ओळींचं काम.

*

तुर्भ्याच्या एका कंपनीच्या गेटवर पत्र्याची पाटी आहे. हाताने रंगवलेली, अक्षर जरा तिरकं. मराठीत आणि हिंदीत: माल उतरवायचं गेट मागच्या बाजूला. खाली मोठा बाण. बाणाखाली डिस्पॅचचा मोबाइल नंबर आणि जेवणाच्या सुट्टीची वेळ. कोपऱ्यात नंतर कुणी तरी खडूने घातलेली भर: चलनाच्या दोन प्रती.

ही पाटी वॉचमनने मागून घेतली आहे. दिवसभर तेच ते चार प्रश्न ऐकून तो कावला होता. पाटीवर त्या चार प्रश्नांची उत्तरं आहेत, पाचवं काही नाही. त्याच कंपनीच्या साइटवर ‘वारंवार विचारले जाणारे प्रश्न’ असं एक पान आहे. पहिला प्रश्न: आमची कंपनी इतरांपेक्षा वेगळी कशी? हा प्रश्न त्या गेटवर आजवर कुणी विचारला असेल, असं वॉचमनलाही वाटत नाही.

प्रश्न ज्याच्या कानावर पडतात त्याच्याकडून पाटी लिहून घ्यावी. साइटचंही तेच. रिसेप्शनची ताई, डिस्पॅचचा माणूस, टेलिफोनवर बसणारा मुलगा यांच्या वहीत एका आठवड्याचे फोन नोंदवले की साइटचा मेनू आपोआप तयार होतो. एजन्सी मात्र पहिल्या मीटिंगला विचारते, ‘तुम्हाला कुठल्या कंपनीची साइट आवडते?’

*

संपर्काचा तपशील द्यावा की नाही, हा हौसेचा मामला नाही. कंपनी कायदा २०१३ खालच्या इन्कॉर्पोरेशन नियमांत (२०१४) २६ वा नियम आहे. ज्या कंपनीची वेबसाइट आहे तिने पहिल्याच पानावर कंपनीचं नाव, रजिस्टर्ड ऑफिसचा पत्ता, सीआयएन, फोन नंबर, ईमेल आणि चौकशी किंवा तक्रारीसाठी कुणाशी बोलायचं त्या माणसाचं नाव द्यायचं.

सीआयएन म्हणजे २१ अक्षर-अंकांची कंपनीची ओळख. त्यात कंपनी लिस्टेड आहे की नाही, धंदा कुठला, राज्य कुठलं, नोंदणीचं साल कुठलं, सगळं भरलेलं असतं. नवा सप्लायर हा नंबर घेऊन कंपनी खरी की खोटी ते तपासतो. म्हणजे त्याचा उपयोग कॉपी करण्यात आहे. कित्येक साइटींवर तो लेटरहेडच्या स्कॅनमध्ये, चित्र म्हणून असतो. बसा टाइप करत.

आणि माणसाचं नाव? तिथे ‘इन्फो अ‍ॅट’ असतं. इन्फो नावाच्या गृहस्थांनी आजवर कुणाला उत्तर पाठवल्याचं ऐकिवात नाही.

*

फुटकळ:

फोन नंबर चित्रात लिहिला की बोट टेकवून फोन लागत नाही. आज साइट बघणाऱ्याच्या हातात बहुधा फोनच असतो.

‘सबमिट’च्या शेजारी ‘रीसेट’. अख्खा फॉर्म भरून झाल्यावर तो पुसायची इच्छा कुणाला होते?

चॅटचा गोल फुगा नेमका ‘पुढे जा’ या बटणावर येऊन बसतो.

पान उघडल्याबरोबर ‘आमच्याबद्दल तुमचं मत?’ अहो, अजून भेट तरी होऊ द्या.

‘ताज्या घडामोडी’त शेवटची घडामोड २०१९ ची दिवाळी. शुभेच्छा अजून लुकलुकताहेत.

*

याकोब नील्सन या डेन्मार्कच्या तज्ज्ञाने १९९६ साली वेबसाइटींच्या दहा मोठ्या चुकांची यादी केली होती. सरकत्या ओळी आणि सतत हलणारी चित्रं, जुनी झालेली माहिती, उघडायला लागणारा वेळ, मैलभर लांब पत्ते, कुठून आलो नि कुठे जायचं याचा थांग न लागणं. तेव्हा आपल्याकडे इंटरनेट सर्वसामान्यांना मिळून वर्षच झालं होतं. ऑगस्ट १९९५ मध्ये व्हीएसएनएलने ते सुरू केलं. त्याच यादीतल्या फ्रेम्स, म्हणजे पानाचे तुकडे पाडणाऱ्या चौकटी, काळाने मारल्या. सरकती ओळ मात्र टिकून आहे, ‘न्यू’ असं लाल लुकलुकणारं चित्र शेपटाला लावून.

ती का टिकते याचं कारण तांत्रिक नाही. मालकांना सांगायच्या गोष्टी पाच, आणि प्रत्येक खात्याला आपलीच गोष्ट सगळ्यात वर हवी. निवड करायची तर कुणाला तरी ‘तुमचं खाली’ असं सांगावं लागतं. मग सगळ्यांच्या गोष्टी सरकत्या करून टाकतात. स्लायडर हा बहुतेक ऑफिसांतला भांडण टाळण्याचा उपाय आहे.

*

मेल्व्हिन कॉनवे या संगणकतज्ज्ञाने १९६८ साली लिहून ठेवलं आहे की एखादी संस्था जी रचना करते तिच्यात त्या संस्थेतल्या आपसातल्या बोलण्या-न बोलण्याची नक्कल उतरते. वेबसाइट उघडून पाहा. मेनूत ‘डिव्हिजन १’, ‘डिव्हिजन २’, ‘ग्रुप कंपनीज’. गिऱ्हाइकाला पंप हवा असतो. तो कुठल्या डिव्हिजनखाली येतो, आणि दोन भावांमध्ये वाटण्या होताना कुणाकडे गेला, हे त्याने का शोधावं?

*

नावाची चौकट. पहिलं नाव, मधलं नाव, आडनाव. आपल्याकडे मधल्या चौकटीत वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव जातं, इथवर ठीक. पण महाराष्ट्र सरकारच्या निर्णयाप्रमाणे १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव असा क्रम आहे. शाळांच्या आणि विमा कंपन्यांच्या फॉर्ममध्ये मधली चौकट अजून एकच. आईचं आणि वडिलांचं नाव मध्ये जागा सोडून लिहिलं की काही फॉर्म लाल होतात: ‘अवैध अक्षर’. त्या अवैध अक्षराची जन्मदात्री फॉर्म भरत समोर बसलेली असते.

*

शहराची चौकट. यादीत मुंबई आहे, ठाणे आहे, नवी मुंबई नाही. नवी मुंबई महापालिका १ जानेवारी १९९२ पासून कारभार करते आहे. कित्येक ड्रॉपडाउनना त्याची खबर लागलेली नाही. खारघरकरांची तर तऱ्हाच निराळी. टपालाला नवी मुंबई, पिन ४१०२१०, जिल्हा रायगड, महापालिका पनवेल, आणि फोनचा कोड मुंबईचा ०२२. हे पाचही खरं आहे. पण ‘नवी मुंबई’ निवडल्यावर जिल्हा आपोआप ‘ठाणे’ भरणारा आणि तो बदलू न देणारा फॉर्म खारघरच्या माणसाला रोज खोटं बोलायला लावतो. पिनवरून जागा ओळखण्याची सोय भारतात १५ ऑगस्ट १९७२ पासून आहे. आधी पिन विचारावा, बाकीचं सुचवावं, आणि सुचवलेलं खोडायची मुभा ठेवावी.

*

चूक झाली हे सांगण्याचीही रीत असते. ‘इनव्हॅलिड इनपुट’ ही पोलीसपाटलाची भाषा झाली. काय चुकलं, कुठे चुकलं, काय लिहायला हवं होतं, हे त्याच चौकटीखाली एका ओळीत सांगता येतं: ‘मोबाइल नंबर दहा आकडी हवा, तुम्ही नऊ आकडे लिहिलेत.’ आणि चूक एका चौकटीत असेल तर बाकीच्या अकरा चौकटी कोऱ्या करू नयेत. आयटीआय झालेला मुलगा नेरूळ स्टेशनच्या बाकावर बसून मोबाइलवर अ‍ॅप्रेंटिसचा फॉर्म भरतो. दुसऱ्यांदा सगळं कोरं झालं की तो फोन खिशात टाकतो आणि समोरची लोकल पकडतो. एचआर म्हणतं, हल्ली पोरांना कामच नको.

*

तळोजा, पावणे, महापे. रसायनांचे कारखाने. घातक माल नेणाऱ्या टँकरवर माहितीचा फलक लावणं केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ प्रमाणे बंधनकारक आहे. रसायनाचं नेमकं नाव, यूएन नंबर, धोक्याचं चिन्ह, आणीबाणीत कुणाला फोन करायचा, माल पाठवणारा कोण आणि त्याचा नंबर. शीळफाट्याला टँकर उलटला तर धावत येणाऱ्या अग्निशमन जवानाला लांबून, घाईत, धुरात जे लागेल तेवढंच त्यावर असतं. नको असलेला एक शब्द नाही.

आता त्याच रसायनाच्या कंपनीची साइट उघडा. सुरक्षेची माहिती देणारा कागद, ज्याला सगळे एमएसडीएस म्हणतात, तो ‘डाउनलोड्स’मध्ये. डाउनलोडला टेकलं की फॉर्म: नाव, हुद्दा, कंपनी, वार्षिक गरज किती टन. भरा, ‘आमचा प्रतिनिधी लवकरच संपर्क साधेल.’ धोक्याचा कागद मार्केटिंगने गळाला लावला आणि मासे पकडायला बसले. तो कागद उघडा असावा, मोबाइलवर वाचता यावा, आणि उत्पादनाच्या नावापासून एका टिचकीवर असावा. कॅटलॉगसाठी खुशाल फॉर्म भरून घ्या.

*

वाशीतले एक रिटायर्ड गृहस्थ वडिलांच्या जुन्या शेअरांचा माग काढतात. लाभांश वर्षानुवर्षं कुणी उचललेला नाही. कायदा त्यांच्या बाजूने आहे: न उचललेल्या लाभांशाची रक्कम वेगळ्या खात्यात टाकल्यापासून ९० दिवसांत कंपनीने नावं, शेवटचे माहीत असलेले पत्ते आणि रकमा यांची यादी वेबसाइटवर द्यायची असते. सात वर्षं कुणी आलं नाही की रक्कम, आणि त्यामागे शेअरही, सरकारच्या आयईपीएफ निधीत जातात.

यादी आहे. स्कॅन केलेली, जराशी तिरकी, बारीक टाइपातली. शोधायच्या खिडकीत आडनाव घातलं तर काहीच सापडत नाही, कारण पानावर अक्षरं नाहीतच, अक्षरांचा फोटो आहे. क्रम आडनावाप्रमाणे नाही, फोलिओप्रमाणे. आणि फोलिओ नंबर तर शोधायचा आहे. गृहस्थ चष्मा सारखा करत एकेका पानावरून बोट फिरवतात. हीच यादी ज्या एक्सेलमधून छापली ती एक्सेल तशीच चढवली असती तर काम चहा गार व्हायच्या आत झालं असतं. नियम पाळल्याची नोंद मात्र फाइलला लागली.

*

मराठीचं पान. जुनी मराठी पानं त्या त्या कंपनीच्या खास फाँटात बांधलेली. फाँट नसलेल्या संगणकावर ती चिन्हांची खिचडी दिसते आणि शोधयंत्राला त्यात काही सापडत नाही. यावरचा इलाज जुना आहे आणि तो जवळच घडलेला आहे. विंडोज २००० पासून संगणकात येणारा ‘मंगल’ हा युनिकोड फाँट र. कृ. जोशी यांनी एनसीएसटीत काम करताना घडवला. ती संस्था पुढे सी-डॅकमध्ये गेली, आणि सी-डॅकचं एक केंद्र खारघर स्टेशनासमोरच आहे. रोज त्या स्टेशनावरून जाणारे आयटीवाले अजून मराठी नोटिसांचा फोटो काढून साइटवर टाकतात.

२०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने माहिती घेण्याआधीची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या कुठल्याही भाषेत वाचण्याचा पर्याय दिला आहे. अशा भाषा २२ आहेत. फोटो काढून ते भागणार नाही.

*

राखाडी अक्षरं, पांढरा कागद. डिझायनर मंडळींना हे ‘क्लीन’ वाटतं. वेबच्या जागतिक मानकात साध्या मजकुराचा रंग आणि मागचा रंग यांच्यात किमान ४.५ ला १ इतका उठाव मागितला आहे. तो मंद दृष्टीच्या माणसासाठी आहे हे खरं; पण तुर्भ्याच्या ट्रक टर्मिनलवर भर दुपारी उन्हात फोन धरून बघा, मग दृष्टी सगळ्यांचीच मंद होते.

३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोचता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. प्रकरण ऑनलाइन केवायसीचं होतं. ‘डोळ्यांची उघडझाप करा’ अशी अट अ‍ॅसिडहल्ल्यातून वाचलेल्या आणि दृष्टिहीन माणसांनी पाळायची कशी? अट लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर एकाच तऱ्हेचा चेहरा होता.

*

चूक की चलाखी? ओळखायची एक खूण आहे. चुका दोन्हीकडे कलतात; कधी गिऱ्हाइकाचं नुकसान, कधी कंपनीचं. एखादी ‘चूक’ दरवेळी कंपनीच्याच फायद्याची ठरत असेल तर तिला चूक म्हणू नये. सभासद होण्याचं बटण हिरवं आणि हाताएवढं, सोडण्याचं पान चार मजले खाली. आधीच टिचकी मारून ठेवलेली विम्याची चौकट. ‘नको, मला पैसे वाचवायचे नाहीत’ असं आपल्याच तोंडून वदवून घेणारा नकार. केंद्र सरकारने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत अशा १३ क्लृप्त्या नावानिशी नोंदवून त्यांना मनाई केली आहे. साधी चूक दाखवून दिली की दुरुस्त होते. चलाखी दाखवून दिली की फक्त जागा बदलते.

*

तपासायचं कसं? नील्सनचाच हिशेब आहे: पाच माणसांना साइट वापरायला बसवलं की वापरातल्या बहुतेक अडचणी बाहेर पडतात. पाच का, तर सहाव्यापासून तेच ते पुन्हा दिसू लागतं. मात्र पाच जण मालकांचे भाचे नसावेत.

टीटीसीतल्या कंपनीसाठी माझे पाच असे. परचेसवाला: त्याला एका पार्टचं माप आणि भाव मागवायची खिडकी शोधू द्या. ट्रक ड्रायव्हर: मालाचं गेट. आयटीआयचा मुलगा: फॉर्म. रिटायर्ड शेअरहोल्डर: वडिलांचं नाव. आणि कारखान्यामागच्या गावात राहणारी एखादी बाई, जिला रात्री वास आला तर फोन कुणाला करायचा ते शोधायचं आहे. सगळ्यांना आपापला फोन वापरू द्यावा, आणि मागे उभं राहून ‘वर बघा, वर, उजवीकडे’ असं म्हणू नये. साइटला मागे उभा राहणारा माणूस कधीच मिळत नाही.

खर्च काढून ठेवला आहे. पाच जणांचा जाण्यायेण्याचा खर्च आणि दिवसाचा मेहनताना, वडापाव, चहा. शिवाय तासभर मालकांनी, मार्केटिंगने आणि एजन्सीने खोलीत बसून काहीही न बोलणं. बजेटात बाकीच्या रकमा सहज बसतात. अडतं ते या शेवटच्या बाबीपाशी.